घरशाळा कुणाच्या घरात?



जून लागला की आमच्या फोनला विसावा नसतो. कुणाला जातीचा दाखला काढायचा असतो, कुणाला वसतिगृहाचा फॉर्म भरायचा असतो, कुणाची शिष्यवृत्ती पोर्टलवर अडकलेली असते. यंदा मात्र एकाच दिवशी दोन फोन असे आले की त्यांच्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिला फोन औरंगाबादहून. चळवळीतले जुने सहकारी. नवरा-बायको दोघंही शिकलेले, नोकरीत स्थिरावलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. मध्ये घरात मोठं आजारपण आलं, सहा-सात महिने सगळं बंद पडलं. ते म्हणाले, "मुलगा पुस्तकाकडे बघायला तयार नाही. वेळापत्रक करून भिंतीला लावलं, रागावून झालं, टॅब घेऊन देतो असंही म्हणालो. पुन्हा सुरुवात कशी करायची? तुम्ही मुलांमध्ये काम करता, तुम्हीच सांगा."

दुसरा फोन संध्याकाळी, आमच्याच बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचा. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या. "दादा, पोरगी शाळंचं नावच घेईना. दिवाळीपासनं फडातच व्हती आमच्यासंगं. आता म्हणती मला काय येत न्हाई, पोरी हसत्यात. तुमच्या विहारात तरी बसू द्या तिला."

दोन्ही मुलं दहा-अकरा वर्षांची. दोघांचाही अभ्यास अर्ध्या वर्षाहून जास्त तुटलेला. दोघांच्याही पालकांचा प्रश्न अक्षरशः एकच. पण एका घरात त्याला 'होमस्कूलिंगमधला ब्रेक' म्हणतात आणि दुसऱ्या घरातलं मूल सरकारी नोंदवहीत 'शाळाबाह्य' म्हणून लिहिलं जातं. हा फरक कुठून आला आणि आपण चळवळीतली माणसं त्यात कुठे उभी आहोत, हे तपासण्यासाठी हा लेख.

आधी मित्राची बाजू

आम्ही चार-पाच कार्यकर्ते काही वर्षांपासून विहारात संध्याकाळचा वर्ग चालवतो. त्यामुळे शाळा या गोष्टीविषयी आम्हाला कसलाही भाबडा जिव्हाळा नाही. शाळेत काय चालतं ते मुलंच येऊन सांगतात.

आमच्या मित्रानं मुलाला शाळेतून का काढलं? वर्गात आडनाव विचारून झालं. १४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या शर्टावर निळा बिल्ला राहिला होता, त्यावरून बाईंनी वर्गासमोर शेरा मारला. पुढे मुलं त्याला 'सरकारचा जावई' म्हणू लागली. नऊ वर्षांच्या पोराला आरक्षण म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तो घरी येऊन विचारत होता, "बाबा, मी कुणाचा जावई?" तक्रार केली तर व्यवस्थापनानं 'मुलं आहेत, गंमत करतात' म्हणून विषय गुंडाळला. मूल पोटदुखीचं निमित्त करून घरी बसू लागलं. अशा बापानं काय करायचं होतं? आम्ही त्यांना त्या वेळी दोष दिला नाही, आजही देत नाही.

हा अनुभव फक्त आपलाही नाही. अमेरिकेत कोरोनाच्या काळात जनगणना विभागानं केलेल्या घरोघरच्या पाहणीत असं दिसलं की २०२० च्या वसंतात कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी ३.३ टक्के मुलांना घरी शिकवत होती, आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत हे प्रमाण १६.१ टक्क्यांवर गेलं. इतकी मोठी उडी दुसऱ्या कुठल्याही समूहात नव्हती. महामारी हे कारण होतंच. पण अनेक काळ्या आईबापांनी उघडपणे सांगितलं की वर्गातला वंशभेद, आपल्याच मुलांना वारंवार होणारी शिक्षा आणि पुस्तकात आपला इतिहासच नसणं, यामुळे मुलांना परत पाठवायची इच्छा उरली नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकवणं हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत कायद्यानं गुन्हा होता, त्यांनी घरात शाळा भरवावी यात बंडाचा अंश आहे हे आम्ही मान्य करतो.

त्यामुळे 'घरशाळा म्हणजे श्रीमंतांचे चोचले' असं एका वाक्यात निकालात काढणारे आम्ही नाही. आमचा वाद पुढे सुरू होतो.

आपल्या इतिहासात घर आणि शाळा

घरी शिकणं आपल्या चळवळीला नवं नाही. सावित्रीमाईंचं पहिलं शिक्षण शाळेत झालं नाही. जोतिरावांनी त्यांना घरी, शेतात शिकवलं. पण मग काय झालं? सावित्रीमाई शिकून घरात बसल्या नाहीत. त्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. घरातलं शिक्षण तिथे दुसऱ्यांसाठी शाळेचा दरवाजा उघडायला वापरलं गेलं. त्याच फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेनं चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुक्ता एकटी घरी शिकली असती, तर तो निबंध लिहायला लावणारा वर्ग तिला कुठून मिळाला असता?

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. नाकारला गेला. त्यानं सरकारकडे अर्ज केला आणि ते प्रकरण थेट वरपर्यंत गेलं. एका मुलाच्या अर्जानं साम्राज्याला प्रश्न पडला की सरकारी शाळा नेमकी कुणाची. तो मुलगा 'मी घरी शिकतो' म्हणाला असता तर हा प्रश्न कधी उभाच राहिला नसता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतिरावांनी मागणी केली ती निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची.

आणि बाबासाहेब. साताऱ्याच्या शाळेत भिवाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान मारून बसावं लागे. याहून मोठा अपमान कुठल्या शाळेत होणार आहे? रामजी सुभेदार स्वतः शिकलेले होते, सैन्याच्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. मुलाला घरी शिकवण्याची लायकी त्यांच्याइतकी त्या काळात आपल्या समाजात फार थोड्यांची असेल. त्यांनी घरी शिकवलंच. परळच्या एका खोलीत मुलाला लवकर झोपवायचं आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचं, हे त्यांनी केलं. पण सकाळी त्याला शाळेत पाठवलं. पुढे बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. शिक्षणासाठी त्यांनी जे उभं केलं ते सगळं अनेकांनी एकत्र राहण्या-बसण्याचं आहे.

आपल्या परंपरेत घर शाळेच्या पाठीशी उभं राहतं. शाळेच्या जागी घर ठेवा असं या परंपरेतल्या कुणी सांगितलेलं नाही.

यावर मित्राचा प्रश्न रास्त आहे: "म्हणजे माझ्या पोरानं अपमान सोसायचा का?" नाही. अजिबात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळावरही बंदी घालतं. कलम ८ प्रमाणे दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहणं शासनाचं काम आहे. लढायची हत्यारं आहेत. पण एकटा बाप मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जातो तेव्हा ती बोथट होतात. त्या वेळी आम्ही दहा जण त्यांच्याबरोबर गेलो असतो तर चित्र वेगळं असतं. आम्ही गेलो नाही. हे आमचं अपयश आहे आणि ते इथे लिहून ठेवतो. मूल आजारी पडत असेल तर त्याला काही महिने घरी ठेवा, दुसरी शाळा शोधा. पण ते घरी ठेवणं हा निवारा आहे. निवाऱ्यात पाऊस थांबेपर्यंत थांबायचं असतं.

घराला शाळा म्हणणं सरकारला फार आवडतं

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी अभ्यासमाला निघाली. मोबाईलवर धडे येऊ लागले. म्हणजे एका दिवसात अख्ख्या महाराष्ट्राचं घर शाळा झालं. पण त्या घरात किती खोल्या आहेत, मोबाईल किती आहेत, तो कामावर कोण घेऊन जातं, नेटपॅक कोण मारतं, हे विचारायचं राहून गेलं. आमच्या वर्गातल्या एका घरात तीन भावंडं आणि एक फोन होता. तो सकाळी बापाबरोबर साइटवर जायचा आणि रात्री आठला परत यायचा. गृहपाठ सकाळी दहाला आलेला असायचा. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना शाळेची पायरी पुन्हा दिसली ती १ डिसेंबर २०२१ ला. पावणेदोन वर्षांनी. पहिलीत नाव घातलेलं मूल वर्ग न बघताच दुसरीत गेलेलं होतं.

ती नाइलाजाची वेळ होती असं कुणी म्हणेल. मग पुढचं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के राखीव जागांमधून सूट. म्हणजे गरिबांच्या मुलांनी त्या शाळांच्या दारात उभंच राहायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये ही अधिसूचना रद्द केली, कारण लोक कोर्टात गेले. दुसरीकडे कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायची चर्चा आहेच. कमी पट कुठे असतो? तांड्यावर, पाड्यावर, वस्तीवर. आणि नव्या शैक्षणिक धोरणात तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्यांसाठी मुक्त शिक्षणाची सोय सुचवलेली आहे. मुक्त विद्यालय ज्याला नोकरी करत शिकायचं आहे अशा तरुणासाठी आधार आहे, हे आम्हाला मान्य. पण आठ वर्षांच्या मुलासाठी ते आलं की आम्हाला शंका येते, कारण जवळची शाळा उद्या बंद करताना हेच दाखवलं जाईल: शिका की घरी, परीक्षेची सोय आहे!

आपल्यातले शिकलेले, बोलणारे, लिहिणारे लोक जेव्हा घरशाळेचं कौतुक करतात तेव्हा ते कुणाच्या सोयीचं होतं याचा विचार करा. सरकारी शाळेच्या गळक्या छतासाठी पंचायत समितीत भांडायला जी माणसं लागतात ती नेमकी हीच. ती आपापलं मूल घेऊन बाजूला झाली की मागे राहतात त्या ऊसतोडीच्या ताई. त्यांनी फडावरून कुणाशी भांडायचं?

आता आमची चूक

सरकारला आणि मित्राला बोललो, आता स्वतःला बोलायची पाळी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. सहावीतली. हुशार, पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली, गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली. ती परत आली त्याच संध्याकाळी आम्ही तिची चाचणी घेतली. किती मागे पडली ते कळायला नको का, हा आमचा समाजशास्त्रीय उत्साह. वाचताना ती अडखळली. आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, "अगं, तू तर पहिली यायचीस!" आणि वर ठेवणीतलं वाक्य जोडलं की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी गेलो तर ती धाकट्या भावाला खेळवत बसली होती, मान वर केली नाही. पुढच्या हंगामात ती कोयता घेऊन गेली. त्यानंतर तिचं लग्न झाल्याचं आमच्या कानावर आलं.

तिचं लग्न आमच्यामुळे झालं असं म्हणण्याचा आव आम्ही आणत नाही. त्यामागे उचल आहे, मुकादम आहे, गावात एकटी पोर मागे ठेवायची भीती आहे. पण त्या साखळीत एक कडी अशी होती जी आमच्या हातात होती, आणि ती आम्ही आमच्या हातानं तोडली.

अठरा तासांचं वाक्य आपण काठीसारखं वापरतो. बाबासाहेबांचा अभ्यास आपल्याला प्रेरणा देतो म्हणजे काय? ज्या पोरीनं पहाटे तीनला उठून भाकरी थापल्या, दिवसभर भावाला सांभाळलं, रात्री ट्रक भरताना बॅटरी धरली, तिला आपण अभ्यासाचे तास मोजून दाखवणार? आणि बाबासाहेबांचं बालपण तरी आपण पूर्ण सांगतो का? साताऱ्यात भिवाचं मन अभ्यासात नव्हतं. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी लांबवली आणि तिच्यात निघाला अर्धा आणा. तिथून तो वळला. ही गोष्ट चरित्रात आहे. ती मुलांना सांगा. पुस्तकावरून उठून गेलेला मुलगा परत पुस्तकाकडे येऊ शकतो, हे त्यांना आज ऐकायची गरज आहे.

परत कसं बसवायचं

त्या मुलीनंतर आम्ही आमची पद्धत बदलली. खाली जे लिहितो ते आम्ही करून पाहिलेलं आहे. मित्राच्या घरातल्या मुलाला आणि ताईंच्या मुलीला, दोघांनाही ते लागू आहे.

पहिले दोन आठवडे परीक्षा नाही. 'किती आठवतं बघू' हे वाक्यसुद्धा नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये एक ठोकताळा सांगितला जातो की शाळेतून काढलेल्या मुलाला, ते जितकी वर्षं शाळेत होतं तितके महिने मोकळं सोडावं. आकडा सोडून द्या, त्यातलं तत्त्व खरं आहे. मन रुळायला वेळ लागतो. मात्र आपल्या मुलांना पाच-सहा महिने मोकळं सोडणं परवडत नाही, कारण तेवढ्यात पुढचा हंगाम येतो. म्हणून आम्ही मोकळं सोडत नाही. बसवतो, पण तपासत नाही.

वेळ छोटी, पण ठरलेली. सुरुवातीला वीस मिनिटं. तीच सतरंजी, तोच कोपरा, बुद्धवंदना झाली की लगेच. घरी असाल तर आईचं काम ज्या वेळी थोडं थांबतं ती वेळ धरा. भिंतीवरचं आठ तासांचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी मोडतं आणि मोडलं की मुलाला वाटतं आपणच वाईट आहोत. वीस मिनिटं पाळली जातात. आठवड्यानं तीस करा.

आधी झोप सांभाळा. फडावरून आलेल्या मुलाचं शरीर पहाटे तीनला जागं होतं आणि संध्याकाळी सातला पेंगतं. घरी बसून मोबाईल पाहिलेल्या मुलाचं उलट असतं, ते रात्री एकपर्यंत जागं आणि सकाळी सुन्न. दोघांनाही आळशी म्हणू नका. झोप जागेवर यायला आठ-दहा दिवस द्या.

आधी आपण वाचा. मोठ्यानं, हावभावासकट. मुलानं फक्त ऐकायचं. चार-पाच दिवसांनी ते स्वतःच पुस्तकात डोकावतं, पुढे काय आहे म्हणून. तेव्हाच पुस्तक त्याच्या हातात द्या.

धागा जिथे तुटला त्याच्या दोन पायऱ्या खाली उतरा, पण ते कुणाला कळू देऊ नका. सहावीच्या मुलीच्या हातात तिसरीचं बालभारती दिलं की तिची मान खाली जाते. आम्ही पानं सुटी करून देतो, इयत्तेचा आकडा असलेलं मुखपृष्ठ काढून ठेवतो. एवढ्याशा गोष्टीनं फार फरक पडला.

सुट्टीत मूल जे जगलं तिथून सुरुवात करा. ताईंच्या मुलीला आम्ही विचारलं, एका मोळीत किती ऊस? गाडीत किती मोळ्या? टनाला भाव किती? मुकादमानं उचल किती दिली, त्यातली किती फिटली? तिला हिशेब तोंडी येत होता. कागदावर मांडायचा तेवढा राहिला होता. गुणाकार, भागाकार, शेकडेवारी सगळं त्यात आहे. आणि तो हिशेब मांडता मांडता एक दिवस पोरगी आपोआप विचारते की एवढं तोडून फिटत कसं नाही? आमच्या मते त्या दिवशी तिचं शिक्षण सुरू होतं. शहरातल्या मुलालाही हेच. आजीच्या आजारपणात त्यानं औषधांच्या वेळा पाळल्या असतील, दवाखान्याची बिलं पाहिली असतील. त्याला ते लिहू द्या.

एकटं बसवू नका. जोडी लावा. थोडं पुढे असलेलं मूल शेजारी बसवा, पण त्याला 'शिकव' म्हणू नका, 'दोघं मिळून करा' म्हणा. खंड पडलेल्या मुलाला सर्वात जास्त धास्ती असते ती सोबत्यांची. ती सोबत्यांबरोबर बसूनच जाते. इथे औरंगाबादच्या घरातला मुलगा ताईंच्या मुलीपेक्षा गरीब आहे. त्याच्याकडे टॅब आहे, ग्लोब आहे, दोन पदवीधर आईबाप आहेत. शेजारी बसायला कुणी नाही.

आणि शेवटचं, कायदा माहीत ठेवा. कलम ४ प्रमाणे मधेच शिक्षण तुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. मुदत संपली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना दाखल्याला उशीर झाला म्हणूनही सरकारी शाळेला अडवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहं आहेत. ती कागदावर आहेत की गावात, हे दिवाळीच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन विचारा. टोळ्या निघून गेल्यावर विचारून उपयोग नाही.

विहारं कुणासाठी बांधली?

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. लोकांनी मजुरीतून वर्गणी काढून बांधलंय. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, ६ डिसेंबरला ते भरतं. बाकीच्या संध्याकाळी किती विहारांना कुलूप असतं, ते ज्यानं त्यानं आपल्या गावात बघावं. डीजेसाठी वर्गणी जमते आणि वर्गासाठी दोन ट्यूबलाइट जमत नाहीत, ही आपली लाज आहे. ती लपवून मनुवाद्यांना शिव्या देण्यानं पोरं शिकत नाहीत.

आम्ही मित्राला जे सांगितलं तेच इथे लिहितो. तुमच्या हॉलमध्ये एका मुलासाठी दोन शिक्षक आहेत आणि तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर जे विहार आहे तिथल्या मुलांसाठी एकही नाही. मुलाला या जूनमध्ये शाळेत घाला. शाळेत पुन्हा कुणी आडनाव काढलं तर आम्हाला हाक मारा, या वेळी आम्ही येऊ. आणि त्याला घरी शिकवायला जे दोन तास काढत होता ते त्याला घेऊनच विहारात द्या. तो तिथे शिकेलही आणि त्याला शेजारी बसायला कुणीतरी मिळेलही.

त्यांना हे आवडलं नाही. "आमचं मूल म्हणजे चळवळीचा प्रयोग नाही," असं ते म्हणाले आणि फोन ठेवला. वाक्य खरं आहे, आम्हालाही लागलं. पण ताईंची मुलगी तरी कुणाचा प्रयोग म्हणून फडात जाते का? तिला निवडच नव्हती. निवड ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच आपण मागणार. चार दिवसांनी वहिनींचा मेसेज आला की विहाराची किल्ली कुणाकडे असते. उत्तर दिलंय. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे.

ताईंची मुलगी रोज येते. पहिले अकरा दिवस तिनं वहीत एक अक्षर लिहिलं नाही, फक्त ऐकत बसली. आम्हीही काही म्हणालो नाही. बाराव्या दिवशी तिनं उसाचा हिशेब लिहिला. त्यात दोन चुका होत्या. त्या आम्ही दुसऱ्या दिवशी दाखवल्या.

दिवाळीला अजून चार-साडेचार महिने आहेत. तेवढ्यात तिला वर्गाच्या बरोबरीनं आणायचं आहे आणि तिच्या आईबापाला, गावाला, शाळेला तयार करायचं आहे की यंदा ती टोळीबरोबर जाणार नाही. हे काम आमच्या चार-पाच जणांच्या आवाक्याबाहेरचं आहे. आपल्या गावातल्या विहाराची किल्ली कुणाकडे आहे, ते आज विचारा.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!